चाकू टीम धरत नाही

३ जानेवारी

बोलू नका म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

घसा बसला म्हणून औषध आणायला गेले, तर डॉक्टरांच्या बोटांना गळ्यात गाठ लागली. घसा आपोआप सुटेल, गाठ मोठ्या इस्पितळात दाखवा, आणि तोवर आवाजाला विश्रांती द्या, म्हणाले. विश्रांती! मी बाजारात बटाट्याचे लिलाव पुकारते. आधी सासरे पुकारायचे, मग नवरा, तो गेल्यावर मी. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा व्यापारी फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांच्या बोल्या मला ऐकूच येईनात. त्यानंतर हसणं बंद झालं.

आता काही दिवस मुलगा पुकारणार. त्याला म्हटलं, तुझा आवाज तुझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापुढे जात नाही. तो म्हणाला, "बघू की, आई." सगळ्याला त्याचं हेच उत्तर. ही डायरी त्यानंच दिली, बियाणेवाल्यांकडून फुकट आलेली. "जे ओरडायचंय ते हिच्यात ओरड," म्हणाला. बापावर गेलाय.

११ जानेवारी

मोठं इस्पितळ म्हणजे डॉक्टरांची शाळा आहे, हे आत गेल्यावर कळलं. मला स्टुलावर बसवलं आणि मागे पोरापोरींची रांग लागली. गळ्यातली गाठ कसली आहे ते कळायला रोग्यानं पाणी गिळायचं असतं. गिळताना ती वर सरकली तर एक प्रकारची, नाही सरकली तर दुसऱ्या. एकेकानं मागून येऊन गळ्याला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, घोट घ्या." शेवटी माझ्या पोटात डबडब वाजायला लागलं. एकाचे हात बर्फासारखे गार. त्याला म्हटलं, आधी चोळून ये, गळा माझा आहे, नळ नाही.

या पोरांना शिकवणारी मुलगी होती. शेवटच्या वर्षाची शिकाऊ सर्जन. इतकी बारीक की मी मनातल्या मनात तिचं नाव काडी ठेवलं. तिनं समजावून सांगितलं: सकाळी गाठीत सुई घालून केलेली तपासणी धड चांगलीही नाही आणि धड वाईटही नाही. थायरॉइडचा गाठ असलेला अर्धा भाग काढायचा, मग तो तपासायचा. आणि आवाजाच्या नसा तिथूनच जातात.

"म्हणजे आवाज जाऊ शकतो?"

"क्वचित जातो, मावशी. पण जाऊ शकतो."

असं तोंडावर सांगतात का कुणाला? घरी येऊन मुलाला म्हटलं, पोरीला बोलायची रीत नाही.

१८ जानेवारी

भरती झाले. खिडकीपासून दुसरा पलंग. शेजारी एक चित्रकलेच्या बाई आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या, पित्ताशयात खडे. त्यांचं ऑपरेशन मोठे सर करणार, दुर्बिणीतून. "सरांचा हात म्हणजे काय सांगू! आठवड्याला किती तरी पित्ताशयं काढतात," असं त्या जो भेटेल त्याला सांगतात. मोठे सर म्हणजे या विभागाचे मुख्य. पांढरे केस, हळू बोलणं, आणि मागे डॉक्टरांचा तांडा.

काडीला एक खोड आहे. बोलता बोलता खिशातून दोरा काढते आणि पलंगाच्या दांडीला एका हातानं गाठी मारत बसते. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, सगळेच शिकाऊ असं करतात, ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात त्याचा सराव. माझ्या पलंगाला झालर लागली. सलाईनची सुई लावताना मात्र हिचा हात लटपटला. दोनदा टोचून झालं. मी काय सोडते होय? असा आवाज लावला की समोरच्या खोलीतली सिस्टर धावत आली. तिसऱ्या वेळी तर तिचा हात आणखीच लटपटला.

संध्याकाळी मॅडम आल्या. या मोठ्या सरांच्या खालच्या, काडीच्या वरच्या. मी विचारलं, माझं ऑपरेशन कोण करणार?

"काकू, आमची टीम करेल."

"टीम म्हणजे कोण?"

"आम्ही सगळेच असतो ना. काळजी करू नका."

"मॅडम, चाकू टीम धरत नाही. चाकू एका वेळी एकाच हातात असतो. तो हात कुणाचा?"

मॅडम हसल्या, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या. मी बाजारात आयुष्य काढलंय. उत्तराऐवजी थोपटणारा माणूस मला लगेच कळतो. ही काडीच करणार! माझ्या गळ्यावर हात बसवणार आणि पुढे कुणाचा तरी गळा नीट कापणार. बस की बाई, पण माझ्यावर नको. माझं सगळं दुकान या गळ्यात आहे.

१९ जानेवारी

जिंकले!

सकाळी मोठे सर तांड्यासकट आले. ते माझ्या पलंगापाशी पोचायच्या आतच मी विचारलं, आणि लिलावाच्या आवाजात विचारलं, "सर, माझा गळा कोण कापणार?"

सगळा वॉर्ड उठून बसला. सर म्हणाले, "असं बघा ताई, गळ्याचं काम आमच्या मॅडम..."

"मॅडम नको, टीम नको. या विभागात सगळ्यात वर कोण? तुम्ही ना?"

"हो, पण एक गोष्ट लक्षात..."

"मग तुम्ही करा. हो की नाही, एवढंच सांगा."

सरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी जमिनीकडे पाहिलं. शिकाऊ पोरं माझ्याकडे बघत होती. "ठीक आहे," सर म्हणाले. मी हात जोडले. ते गेल्यावर चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणजे कमाल आहात बाई." आहेच. मागितल्याशिवाय या जगात आईही वाढत नाही.

काडी दिवसभर फिरकली नाही. रुसली असेल. रुसू दे.

२० जानेवारी

मोठ्या माणसाची गोष्टच वेगळी. दुपारी सर एकटेच आले आणि माझा गळा चाचपत उभे राहिले. किती वेळ! परक्या घरात किल्ली शोधावी तसे हळूहळू बोटं फिरवत होते. काडीनं हेच काम दोन बोटांत उरकलं होतं. मग त्यांनी काडीला बोलावलं, दोघं खिडकीपाशी माझ्या गळ्याच्या स्कॅनची चित्रं उजेडात धरून उभी राहिली. काडी स्वतःच्या गळ्यावर बोटानं रेघा ओढून काही सांगत होती आणि सर मान हलवत होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा पोरीकडून धडा म्हणून घेतायत. शिकवण्याची हौस म्हणतात ती ही.

भूल देणारे डॉक्टर येऊन गेले. दमा आहे का, दात हलतात का, सगळं विचारलं. जाता जाता म्हणाले, "सर स्वतः करणार आहेत? नक्की?" मी म्हटलं, नक्की. ते "अच्छा" म्हणाले. थोड्या वेळानं परत आले आणि सिस्टरलाही तेच विचारलं. सरांचा दरारा असा आहे.

मुलगा येऊन गेला. लिलाव ठीक चाललाय म्हणतो. खोटं बोलताना तो नेहमी "ठीक" म्हणतो.

२३ जानेवारी

गळ्याला पट्टी, पट्टीतून एक नळी. लिहायला आज बसता आलं.

झालं ते असं. मला टेबलावर निजवलं. वर दिवा, बाजूला सगळे टोप्या आणि मास्क घातलेले, नुसते डोळे. भुलीचे डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, मॅडमना थांबवून ठेवलंय बाहेर." ते ऐकून मला बाजारातल्या गोण्या आठवल्या. बाजारात नवा माणूस माल घेऊन आला की मी गोणी खालून उसवायला लावते. वरचे बटाटे सगळ्यांचेच चांगले असतात. आणि इथं मी काय केलं होतं?

"सर," मी म्हटलं, "गळ्याचं शेवटचं ऑपरेशन तुम्ही कधी केलंत?"

 कुठलं तरी यंत्र तेवढं टिकटिकत होतं.

"बरीच वर्षं झाली, ताई. मी आता पोटाचीच करतो, दुर्बिणीतून."

"मग मला हो कशाला म्हणालात?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! तरी माझं म्हणणं आहे, बोलू दिलं नाही तरी माणसानं बोलावं. मी विचारलं, मग या इस्पितळात गळे कोण करतं? सर म्हणाले, मॅडम, आणि वर्षभर मॅडमच्या नजरेखाली ही. त्यांनी काडीकडे बोट केलं. ती कोपऱ्यात हात छातीशी धरून उभी होती.

"हात कसा आहे हिचा?"

"चांगला आहे. मनापासून सांगतो."

"हेच परवा सांगायचं होतंत. द्या चाकू हिच्या हातात. मॅडमना समोर उभं करा. आणि सर, तुम्ही कुठं तरी बसून घ्या."

मास्कमुळे कोण हसलं ते कळलं नाही. काडी जवळ आली. मी तिच्या हातांकडेच बघत होते. जरासुद्धा थरथरत नव्हते. आज कसे काय स्थिर होते कोण जाणे. मी तर नाकावर मास्क लावून गप्प पडले होते.

२७ जानेवारी

नळी काढली. बोलता येतं. पण वर चढत नाही.

खालच्या पट्टीत सगळं ठीक. "पाणी दे", "पंखा लाव", सगळं येतं. सकाळी वॉर्डच्या टोकाला मुलगा दिसला म्हणून हाक मारली, तर ती माझ्या उशीपाशीच पडली. परत मारली. नुसती हवा. मॅडम म्हणाल्या, सूज आहे काकू, होईल बरं. आणि थोपटलं.

दुपारी काडी आली. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली. खिशातून दोरा काढला नाही.

"मावशी, मला सांगायचंय काही. गाठीच्या वरच्या टोकाला एक रक्तवाहिनी असते, ती बांधावी लागते. तिच्याजवळ एक केसासारखी नस असते. आवाज वर चढवायला ती लागते. ती मला दिसली नाही. बहुतेक माझ्या दोऱ्यात आली."

"बहुतेक?"

"आलीच असणार. काल घशात दुर्बीण घालून बघितलं, त्यात तेच दिसतंय."

"बांधली कुणी? मॅडमनी की तू?"

"मी."

"येईल परत?"

"बोलणं चांगलं होईल. ओरडणं... पूर्वीसारखं बहुधा नाही येणार. सूज आहे असं सांगायचं ठरलं होतं, काही आठवडे थांबून मग बोलायचं. मला ते नाही जमलं."

मी म्हटलं, चालती हो इथून. गेली. मग मी रडले. लिहिते आहे सरळ, डायरीपासून काय लपवायचं? खूप रडले. चित्रकलेच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. चांगल्या आहेत त्या.

४ फेब्रुवारी

बाजारात गेले होते. मुलगा नको म्हणत होता. ओट्यावर उभी राहिले, पहिली गोणी पुकारली. जवळच्या चौघांना ऐकू गेली. मागचे ओरडले, "काय?" परत पुकारली, तर आवाज मध्येच फाटला. ज्यांनी माझ्या तोंडून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या ते सगळे खाली बघायला लागले. हसले असते तर बरं झालं असतं.

मुलानं मला खाली उतरवलं नाही, एवढं मानते. बाजूला उभा राहून त्यानं एक फळा घेतला, बोल्या खडूनं लिहायला लागला आणि मागच्यांना वर धरून दाखवायला लागला. लिलाव का शाळेचा वर्ग! तरी माल वेळेआधी उठला. आज आवक कमी होती म्हणून असेल.

तपासणीचा निकालही आज आला. गाठ वाईट निघाली. फार वाईट नाही, पण राहिलेला अर्धा भागही काढायचा. एप्रिलमध्ये. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या नसा. आगीतून निघाले, आता फुफाटा समोर.

१२ फेब्रुवारी

सरांच्या खोलीत मला, मुलाला बसवलं. मॅडमही होत्या. सर म्हणाले, ताई, यावेळी मॅडम स्वतः करतील.

"आणि ती काडी?"

"कोण?"

तिचं नाव सांगावं लागलं. सरांनी मॅडमकडे पाहिलं. "तिला सध्या गळ्याची ऑपरेशनं देत नाही आम्ही. तक्रार आली आहे."

"कुणाची तक्रार?"

 मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी काच फोडली तेव्हा व्हायच्या तशा.

मी म्हटलं, "सर, मला एक सांगा. तुमच्या या विभागात आजवर किती जणांच्या नसा दोऱ्यात आल्या?"

"होतात, ताई. सगळीकडेच होतात."

"त्यातल्या किती जणांना कुणी स्टूल ओढून सांगितलं, की माझ्या हातानं झालं?"

मॅडम म्हणाल्या, "काकू, तसं सांगत नाहीत. टीमची जबाबदारी असते."

"झालं, परत टीम! मॅडम, तुमचा हात सोन्याचा असेल. पण आवाज गेला तेव्हा तुम्ही मला सूज सांगितलीत. उद्या काही झालं तर पुन्हा सूजच सांगाल. ती पोरगी ज्या जागी चुकलीय, त्या जागी आता डोळे फाडून बघेल. माझा गळा तीच करणार. तुम्ही समोर उभ्या राहा, पहिल्यासारख्या. नाही तर मी एप्रिलमध्ये येतच नाही. गाठ माझी, गळा माझा."

सर म्हणाले, "ताई, हा हट्ट आहे."

आहेच.

त्याच दिवशी, घरी

मुलाशी भांडण. म्हणजे मी भांडले. त्याला म्हटलं, मला न विचारता तक्रार करतोस? त्या पोरीनं खरं सांगितलं त्याची शिक्षा तिला? उद्या तिथलं कुणी खरं बोलेल का मग?

तो बराच वेळ चपलेचा पट्टा ओढत बसला. मग म्हणाला, "मी तुझा आवाज ऐकत मोठा झालो, आई. गल्लीच्या टोकाला खेळत असलो तरी यायचा. मला तो परत पाहिजे. तो मी मागू कुणाकडे?"

दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. दूध गेलं नव्हतं. मी गॅसपाशी उभी राहिले थोडा वेळ.

बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, "पण तिनंच परत करायचं, हा काय व्यवहार झाला? एकदा सडका माल दिला त्याच्याकडूनच परत घ्यायचा?"

"सडका निघाला म्हणून स्वतः सांगत आला तर घ्यायचा."

"बघू," तो म्हणाला. पण तक्रार मागे घेतो म्हणाला नाही.

२० फेब्रुवारी

तक्रार मागे घेतली. मला सांगितलं नाही, चित्रकलेच्या बाईंचा फोन आला त्यावरून कळलं. त्या टाके दाखवायला गेल्या होत्या, सगळी बातमी घेऊन आल्या. सरांनी काडीवरची चौकशी बंद केली, पण गळे अजून नाहीत. माझ्या गळ्याचं काय, कुणी काही बोलत नाही. मी घरात रोज खालच्या पट्टीत पुकारायचा सराव करते. शेजारच्यांना वाटतं मी कुणाशी तरी फोनवर भांडते.

८ एप्रिल

भरती. तोच वॉर्ड, यावेळी भिंतीकडचा पलंग. मोठे सर सकाळी आले, म्हणाले, "ताई, मी मान्य केलंय, मॅडमनी मान्य केलंय. आता एकच अडचण आहे. ती नाही म्हणतेय."

वाटलं होतं सगळ्यांशी लढावं लागेल. हिच्याशी लढावं लागेल असं नव्हतं वाटलं.

दुपारी काडीला बोलावून घेतलं. आणखी वाळलीय. उभीच राहिली.

"मी नाही करणार, मावशी. या वेळी काही झालं तर नुसतं ओरडणं नाही, बोलणंच बसेल. मी ते नाही बघू शकत."

"म्हणजे तुला तुझी भीती आहे. माझी नाही."

"दोन्ही."

"जानेवारीपासून किती गळे केलेस?"

"एकही नाही. देत नव्हते. आता मीच मागत नाही."

"मग तू सर्जन काय म्हणून होणार? पित्ताशयांची? पुढे तूही सरांसारखी टेबलापाशी सांगशील, बरीच वर्षं झाली म्हणून." ती जमिनीकडे बघत होती. माझा संताप झाला, आणि संताप आला की पूर्वी माझा आवाज चढायचा. आता चढत नाही. त्यामुळे मला ते सगळं हळू बोलावं लागलं. हळू बोलून संताप करणं फार अवघड काम आहे. "माझं वाटोळं करून तू घरी बसणार? असं नाही चालायचं. मी माझा आवाज तुझ्या शिकण्याला दिलाय, तो वाया घालवलास तर मी तुला कधी माफ करणार नाही. आत्ता केलंय, ते काढून घेईन."

तिचे डोळे भरले. मी पिशवीतून घरचा दोरा काढला, शिवणाचा, काळा. पलंगाच्या दांडीवर टाकला.

"बांध."

तिनं बांधली. हळू बांधली. प्रत्येक गाठीच्या आधी ती दोऱ्याखाली बोट घालून बघत होती, जणू त्या लोखंडी दांडीतही काही सापडायचं राहिलंय. जानेवारीत ती न बघता बांधायची, गप्पा मारत. चहा आला तेव्हा ती अजून बांधत होती. मी तिला अर्धं बिस्किट दिलं.

९ एप्रिल

उद्या. भीती वाटते आहे. बाजारात कधी म्हटलं नसतं, इथं म्हणते. खूप वाटते आहे. मुलाला कळू नये म्हणून त्याला आज दिवसभर इतकं झापलं की तो लवकर घरी गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, "उद्या झापायला तयार राहा." हरामखोर, त्याला सगळं कळतं.

काडीच करायला बरोबर आहे का? माहीत नाही. मॅडमचा हात नक्कीच जास्त फिरलेला. कदाचित हट्टापायी मी माझंच नुकसान करून घेते आहे. पण या गळ्यासाठी मला एकदा खरं ऐकायला मिळालंय, ते जिच्याकडून मिळालं तिच्याच हातात तो द्यायचा आहे. बाकी जे होईल ते होईल.

११ एप्रिल

काल शुद्धीवर आले तेव्हा वर छत, शेजारी तीच यंत्राची टिकटिक, आणि काडीचं तोंड. मास्क गळ्यात लोंबत होता. "मावशी, काही तरी बोला," ती म्हणाली. परत म्हणाली. मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या.

मला तोंड उघडवेना. जन्मात पहिल्यांदा मला तोंड उघडायची भीती वाटली. न बोलले तर अजून आवाज होता, बोलले आणि नसला तर नव्हता. काडीनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मनगटावर पडलं. ते काही मला सहन झालं नाही.

"रडतेस कशाला? मी मेलेय का?"

घोगरा, चिरका, खालच्या पट्टीतला. पण आला! माझाच होता. मॅडमनी एकदम भिंतीकडे तोंड केलं. काडी खुर्चीत बसली आणि आणखीच रडायला लागली. मग मी तिला दोन शब्द सुनावले, तेही आले.

मुलाला आत सोडलं तेव्हा त्यालाही सुनावले. तो काही बोलला नाही, पांघरुणावरून माझे पाय धरून बसला. फळ्याचा खडू अजून त्याच्या बोटांना लागलेला होता. लिलाव उरकून आला असणार. आता तो फळाच ठेवावा म्हणते. मी खाली बसून भाव ठरवेन, तो वर धरेल. हे त्याला इतक्यात सांगायचं नाही.

१३ एप्रिल

समोरच्या पलंगावर नवी बाई आली आहे. माझ्याहून लहान, गळ्याला गाठ, नवरा सोबत. आल्यापासून जो दिसेल त्याला विचारतेय, माझं ऑपरेशन मोठे सर करतील ना? सिस्टर म्हणाली, काळजी करू नका, टीम करेल. मी उठून बसले. तोंड उघडणार एवढ्यात काडी आली, स्टूल ओढलं आणि त्या बाईसमोर बसली.

"तुमचं ऑपरेशन मी करणार आहे. चाकू माझ्या हातात असेल. मॅडम समोर उभ्या असतील."

बाईचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं काडीच्या मनगटांकडे. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडे.

"यांचं कुणी केलं?" बाईनं विचारलं.

"मीच. दोन्ही वेळा," काडी म्हणाली. "पहिल्या वेळी माझ्या हातून यांच्या आवाजाची एक नस गेली. आता त्यांना ओरडता येत नाही." आणि ती नस कुठं असते, कशी दोऱ्यात आली, आता बांधण्याआधी काय बघते, सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. 

त्या बाईला माझ्याकडून काही तरी हवं होतं, बरं किंवा वाईट. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काडीनं सगळं बोलून टाकलं होतं, आणि मला आयुष्यात फार कमी वेळा दुसऱ्याचं बोलणं पुरेसं वाटलंय.

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं काडीला विचारलं, "उद्या किती वाजता?"